आधी कंगवा

फोन लावला की तो माणूस शर्टाच्या खिशातून कंगवा काढायचा. आधी स्वतःचे केस मागे वळवून विंचरायचा. मग खाली वाकून त्याच कंगव्याने कुत्रीच्या कपाळावरचे केस बसवायचा. पलीकडे पुण्यातली जनावरांची डॉक्टर "हॅलो, आवाज येतोय का?" करत असायची, आणि हा इकडे निवांत. "थांबा मॅडम," म्हणायचा, "चार मानसांत यायचं हाय तं नीट याव."

त्याच कंगव्याने? तुम्ही विचारणार हे मला ठाऊक आहे. हो, त्याच. मीही तोंड वाकडं करायचे. त्याला काही फरक पडत नसे.

जळगाव जामोदला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांचा होता, आता माझा. पूर्वी लोक लग्न ठरवायला फोटो काढत, आता फॉर्मला चिकटवायला काढतात. बाकी फोटो ज्याचा त्याच्या फोनमध्ये. माझ्याकडे उरलंय ते म्हणजे चांगला उजेड, फोन उभा करायची तिपाई आणि न तुटणारं इंटरनेट. या कंगवावाल्या काकाच्या घरात पत्र्याखाली फोनला रेंज नसायची, म्हणून तो यायचा. लहान पोरांच्या वाढदिवसाच्या फोटोसाठी माझ्याकडे लाल मखमलीचा एक स्टूल आहे. त्यावर ती गावठी तांबडी कुत्री चढून बसायची, मान ताठ. आधार कार्डाच्या फोटोला आमची माणसंसुद्धा इतकी सरळ बसत नाहीत.

काका म्हणजे आमच्या गावचा निवृत्त लाइनमन. सगळं गाव त्याला लाइनमनकाकाच म्हणे. असा माणूस तुमच्याही गावात असेल. लाइट गेली की लोक ज्याच्या नावाने खडे फोडतात आणि लाइट आली की ज्याला विसरून जातात, तो. नोकरीत असतानाही त्याचा शर्ट कडक इस्त्रीचा. खांबावर चढायला इस्त्री कायले लागते, असं मी लहानपणी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "खांबावर चढलं का सारं गाव खालून पाह्यते, पोरी. तिथं मळकं दिसून कसं चालन?"

हे त्याचं गमतीचं उत्तर होतं. खरं उत्तर त्याने पुष्कळ वर्षांनी दिलं, स्टुडिओत चहा पिता पिता, कोणी न विचारता. त्याच्या बापाने गावकीची कामं केली होती. मेलेली ढोरं ओढायची, निरोप घेऊन उन्हातान्हात गावोगाव जायचं. पुढे त्यांच्या वस्तीने ती कामं एकदिलाने सोडली, तेव्हा बापाने मजुरीच्या पहिल्या पैशातून घरात अंगाचा साबण आणला. "बाप म्हने, गरीब दिसलं तं चालते. मळकं दिसू नोको. मळकं दिसलं का लोकाइले बोलाले जागा भेटते." एवढं बोलून त्याने बशी पालथी घातली आणि कुत्रीला म्हणाला, चाल वं बिजली. मी त्या विषयावर परत काही विचारलं नाही.

बिजली हे कुत्रीचं नाव. लाइनमन दुसरं काय ठेवणार? विजेच्या सबस्टेशनच्या कुंपणात ती त्याला पिल्लू असताना सापडली होती, आणि पाना-पक्कडीच्या पिशवीतून घरी आली होती. काकी होती तेव्हा काकीच्या मागे मागे असायची. काकी गेली. मुलगी लग्न होऊन पुण्याला, नोकरीत. मग विहाराच्या मागच्या त्या दोन खोल्यांत काका आणि बिजली एवढेच राहिले. सकाळी दोघं फिरायला निघत तेव्हा लोक म्हणत, बाप-लेक निघाले. काकाला ते आवडायचं.

गेल्याच्या मागल्या वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर बिजली आजारी पडली. खाईना. पाणी मात्र घमेलंभर पिई. आमच्या गावातला जनावरांचा दवाखाना गाई-म्हशी-बकऱ्यांचा. तिथले डॉक्टर भले, त्यांनी गोळी दिली, आणि कुत्र्याच्या माहीतगाराला दाखवा असंही सांगितलं. असा माहीतगार अकोल्याला. एसटीत कुत्रं कोण घेणार? मुलीने पुण्याहून खटपट केली, काकाच्या फोनवर काहीतरी टाकून दिलं आणि सांगितलं, बाबा, आता घरबसल्या डॉक्टर दिसेल. तो फोन घेऊन काका माझ्याकडे आला, चेहऱ्यावर लग्नाचं बोलावणं आल्यासारखा भाव.

पहिल्या भेटीची त्याने केलेली तयारी सांगते. बिजलीला गरम पाण्याने आंघोळ, कडुनिंबाचा पाला उकळून. डोळ्यांच्या कडा ओल्या फडक्याने पुसलेल्या. गळ्यात निळी रिबीन. कमरेभोवती धुतलेला टॉवेल. स्वतः पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं. आणि आल्या आल्या कंगवा.

मॅडम वयाने लहान होती. पुण्याचं स्वच्छ मराठी बोलायची, भराभर. काकाने हात जोडून "जयभीम, मॅडम" म्हटलं. ती क्षणभर गडबडली आणि "नमस्कार काका" म्हणाली. मग प्रश्न सुरू झाले. ताप आहे का, उलटी होते का, हिरड्या दाखवा. काका एकेक उत्तर असं देत होता जसा साहेब तपासणीला आलाय. शेवटी मॅडमने विचारलं, शेपटीखालून काही जातंय का, पू, रक्त, काही डाग? काकाने मान खाली घातली. "नाई मॅडम. एकदम साफ हाय."

तो खोटं बोलत नव्हता हो. धुतल्यावर साफच असतं.

मॅडमने पोटाचं औषध लिहून दिलं, रक्त तपासून घ्यायला सांगितलं आणि फरक पडला नाही तर लगेच फोन करा म्हणाली. फरक कुठला पडतोय. पुढच्या फोनला बिजली स्टुलावर चढलीच नाही. काकाने तिला उचलून बसवलं आणि विंचरलं. मॅडमने या वेळी सरळ सांगितलं, तिला वळवा, मला मागची बाजू बघायचीय. काकाने टॉवेल आणखी घट्ट धरला. "मादी जनावर हाय मॅडम. चांगलं नाई दिसत." मॅडम हसली, मग रागावली, मग म्हणाली, बरं, जवळच्या डॉक्टरांकडून हात लावून तपासून घ्या तरी. काका हो हो म्हणाला. मला तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याचा संकोच आहे, दुसरं काय.

ते गेले आणि टॉवेल स्टुलावर राहिला. मी उचलला तर वास आला. मी लेकरांची आई आहे, सासूचं आजारपण काढलेली बाई आहे. तो वास कडुनिंबाचा नव्हता.

शटर अर्धं ओढून मी तशीच त्याच्या घरी गेले. अंगणात काका बादलीपाशी बसला होता, बिजली आडवी. दोरीवर काकीच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या वाळत घातलेल्या, स्वच्छ धुतलेल्या, ओळीने. एक चिंधी त्याच्या हातात होती, अजून न धुतलेली. पू आणि रक्त. मी विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, बरेच दिवस झाले. दिवसातून किती वेळा धुतो म्हणून सांगू, पोरी, थांबतच नाई.

मग मी बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमच्याकडे राग आला की बायकाही कमी पडत नाहीत. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाईमानूस हाय थे. नातीच्या वयाची. तिले हे कसं दाखवू? अन् म्हनन काय, कसं घानीत ठेवलं जनावर."

मी त्याच्याच अंगणातून, रेंज शोधत शोधत, नळाजवळच्या ओट्यावर चढून मॅडमला फोन लावला. आधी वेळ ठरवलेली नव्हती, पण तिने उचलला. मी फोन आधी चिंधीवर धरला, मग बिजलीवर. विंचरणं नाही, टॉवेल नाही, मागे मखमल नाही. मॅडम म्हणाली, अजून जवळ धरा. मग तिने हळू सांगितलं की गर्भाशयात पू झालाय, ऑपरेशन करून ते काढावं लागेल, आणि आजच, उद्या नाही. अकोल्याच्या दवाखान्यात ती स्वतः बोलून ठेवते.

काका माझ्या मागे उभा होता. त्याने मान पुढे काढून विचारलं, "धुतलं म्हनून झालं का हे, मॅडम?"

"धुतल्यानं झालं नाही, काका," मॅडम म्हणाली. "पण धुतल्यानं मला दिसलं नाही."

माझ्या चुलतभावाची मालवाहू गाडी आहे, मका आणि हरभरा वाहायची. तीत आम्ही शेगावमार्गे अकोल्याला गेलो. काकाने बिजलीला मांडीवर घेतलं होतं. रस्ता कसा आहे ते तुम्हाला माहीत आहे, प्रत्येक खड्ड्याला ती कण्हायची आणि हा तिच्या कानात काहीतरी सांगायचा. उतरलो तेव्हा त्याचा पांढरा शर्ट पोटापासून खाली पिवळा-लाल झाला होता. तसाच तो दवाखान्याच्या ओसरीवरून आत गेला, रांगेतल्या लोकांमधून, कुत्रीला उचलून. लोक बाजूला सरकले, एकाने नाकाला रुमाल लावला. मी त्याच्याकडे पाहत होते. त्या दिवशी त्याने कंगवा काढला नाही.

बिजली वाचली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, अजून थोडं थांबला असतात तर आत फुटलं असतं. काका ओसरीच्या खांबाला टेकून बसला आणि रडला. मी तोवर त्याला रडताना पाहिलं नव्हतं, काकीच्या वेळीही नाही. तेव्हा तो आलेल्यांना पाणी देत हिंडत होता.

त्यानंतर काकाने जे सुरू केलं त्याचं हसू आजही येतं. मॅडमने एकदा बजावलं होतं, काका, आता जशी आहे तशी दाखवायची, काही लपवायचं नाही. झालं. लाइनमनला वरून हुकूम आला. टाके भरत आले का ते दाखवायला त्याने बिजलीला असं काही उलटं धरलं की पलीकडे मॅडमलाच म्हणावं लागलं, पुरे, पुरे. एकदा प्लास्टिकच्या डबीत शी घेऊन आला. माझ्या स्टुडिओत! बाहेर एक नवरी मेहंदीच्या फोटोसाठी ताटकळत होती. मी ओरडले तर म्हणतो कसा, "मॅडमचा ऑर्डर हाय. लपवाचं नाई."

मॅडमही आता त्याला ओळखू लागली होती. चित्र दिसायच्या आधी, नुसता आवाज जुळला की तीच आधी "जयभीम, काका" म्हणायची. मग काका एवढा मोठा हसायचा. कुत्रीला विंचरणं त्याने बंद केलं, पण कुत्रीला ते कळेना. तिपाई उभी राहिली की ती येऊन कपाळ पुढे करायची. शेवटी काकाने मॅडमला अर्ज केला की नुसतं कपाळ विंचरलं तर चालेल का, आजार तं पोटात होता. मॅडमने मंजूर केला.

स्वतःचे केस मात्र तो विंचरायचाच. त्याबद्दल कोणी काही हुकूम काढला नव्हता.

पुढचा उन्हाळा सरत आला तेव्हाची गोष्ट. बिजलीच्या कानात खाज होती म्हणून फोन लावला होता. कानाचं बोलून झालं. मॅडमने वहीत काही लिहिलं, मान वर केली, आणि म्हणाली, काका, जरा फोनजवळ या. अजून जवळ. डोळ्याची खालची पापणी ओढा बरं. काका गोंधळला. "बिजलीची?" "नाही, तुमची." त्याने ओढली. मॅडम काही वेळ बघत राहिली. मग म्हणाली की मी जनावरांची डॉक्टर आहे, मला माणसांचं बोलायचा अधिकार नाही, पण हा पिवळेपणा मला बरा वाटत नाही. तुम्ही उद्याच माणसांच्या डॉक्टरांकडे जा. काकाने हात जोडले. "जातो मॅडम. हे काय, जातोच."

मीही तेव्हाच नीट पाहिलं. रोज दिसणारं माणूस आपण पाहतच नाही. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. मी म्हटलं, काका, उद्या मी येते सोबत. तो म्हणाला, लहान लेकरू हाव का मी, जाऊन येतो. दोन दिवसांनी विचारलं तर म्हणाला, जाऊन आलो, कावीळ हाय थोडी, औषध चालू हाय. मला बरं वाटलं.

औषध चालू होतं हे खरं. तिकडे सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात काविळीचं झाडपाल्याचं औषध देतात, गळ्यात बारीक काड्यांची माळ घालतात. माळ जशी लांबत जाते तशी कावीळ उतरते म्हणे. मला हे कळलं ते त्याच्या कॉलरमधून दोऱ्याचं टोक दिसलं म्हणून. तुम्हाला सांगते, हा माणूस गंडे-दोरे बांधणाऱ्यांना भर रस्त्यात थांबवून बोलणारा. विहारात पोरांना विज्ञानाच्या गोष्टी सांगणारा. मी दोऱ्याकडे पाहतेय हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने दोरा आत सारला. "कोनाले सांगू नोको," म्हणाला. "मोठ्या दवाखान्यात गेलो तं थे आतच ठेवतीन. बिजलीले कोन पाहीन?"

मी पाहीन म्हटलं. तो म्हणाला, तुले तुहे लेकरं हायेत.

दर रविवारी सकाळी तो मुलीशी बोलायला स्टुडिओत यायचा. मुलगी त्याला फोनवर समोरासमोर पाहत असे, म्हणून पांढरा शर्ट, कंगवा, सगळं साग्रसंगीत. त्या रविवारी आला आणि म्हणाला, तुह्या बापाची थे जुनी पिवळी लाइट हाय ना, थे लाव. ही पांढरी डोयात जाते. माझ्या वडिलांचा एक जुना दिवा आहे, पिवळ्या उजेडाचा. लग्नाच्या फोटोत सगळ्यांना तेज यायचं त्याने. मी लावला. मुलीशी बोलणं झालं, कशी आहेस, बरा आहे, बिजली बरी आहे. मुलगी म्हणाली, बाबा, तुमचा चेहरा छान दिसतोय आज.

पुढच्या रविवारीही पिवळी लाइट. त्याच्याही पुढच्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पिवळ्या उजेडात सगळंच पिवळं. भिंत पिवळी, शर्ट पिवळा, मी पिवळी. त्यात एकट्याची कावीळ कोणाला दिसणार? जन्मभर लाइटचं काम केलेला माणूस. मी फोटोग्राफर, आणि मला कळायला इतके रविवार लागले.

त्याला काय वाटत होतं ते मला समजत होतं. मुलीला सुट्टी मिळत नव्हती, तिचं लेकरू लहान होतं. पण खरं कारण ते नव्हतं. त्याला मुलीच्या डोळ्यांत मळकं दिसायचं नव्हतं, एवढंच. आजार म्हणजे त्याच्या लेखी मळच होता. धुता आला तर धुवायचा, नाही तर टॉवेल गुंडाळायचा.

मी त्याला समजावलं. हात जोडले. बिजलीची शपथ घातली, तर म्हणाला, शपथा-बिपथा मी मानत नाई. दोरा चालतो आणि शपथ चालत नाही, असं मी म्हटलं तेव्हा मात्र त्याचा चेहरा पडला. मला तसं बोलायला नको होतं, पण मी तशीच आहे.

मग रविवार आला. त्याने कंगवा काढला, केस बसवले, बिजलीचं कपाळ विंचरलं. मुलगी पलीकडे दिसू लागली, तिचं पोर कडेवर. तो सांगू लागला, काही नाही गं, जेवण झालं, बरा आहे. मी दाराजवळच्या बटणांपाशी गेले. पिवळी बंद केली आणि पांढरी लावली. सगळी.

मुलगी बोलता बोलता थांबली. तिने पोर खाली ठेवलं. "बाबा?" म्हणाली. काका फोनकडे पाहत होता, मग त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. त्या उजेडात त्याचे डोळे हळदीसारखे होते, आणि गालांत खड्डे. त्याने हात वर केला, चेहऱ्यासमोर धरायला असेल, आणि अर्ध्यातच खाली घेतला.

जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाला, "हे तू बरं नाई केलं, पोरी. लेकीसमोर उघडं पाडलं मले."

पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा पांढरी लाइट लावीन. हे मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते. पण तो गेल्यावर मी शटर ओढून आत बसले, आणि मखमलीच्या स्टुलावर डोकं ठेवून रडले, हेही खरं आहे.

मुलगी दोन दिवसांत गाडी घेऊन आली. तपासण्या झाल्या. स्वादुपिंडात गाठ होती आणि ती कधीची होती कोणास ठाऊक. आधी आलो असतो तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्याला पुण्याला नेणार होते. मधल्या दिवसांत तो माझ्याशी बोलला नाही. स्टुडिओवरून जायचा तर पलीकडच्या बाजूने जायचा, बिजली मात्र सवयीने इकडे ओढायची आणि त्याला दोरी खेचावी लागायची.

निघायच्या सकाळी गाडी माझ्या दारात थांबली. तो उतरला. बिजलीची दोरी माझ्या हातात दिली, तिची पितळी वाटी दिली. मुलीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात कुत्रं नेता येत नव्हतं. माझ्याकडे न बघता त्याने सांगितलं की भाकर दुधात कुस्करून घालशील, फटाक्याले भेते, दार लावून घेशील. मी हो म्हटलं. मग त्याने खिशात हात घातला, कंगवा काढला, बिजलीच्या कपाळावरून फिरवला आणि परत खिशात ठेवला. गाडी वळेपर्यंत त्याने काच खाली केली नाही.

पावसाळ्यात एकदा दुपारी मुलीचा फोन आला. दवाखान्यातून. ताई, बाबांना बिजलीला बघायचंय, म्हणाली. मी बिजलीला आत घेतलं, तिपाई उभी केली. फोनवर नुसतं छत दिसत होतं आणि एक पंखा. मग आवाज आला, बारीक, ओळखू न येणारा.

"थांब. आधी कंगवा दे."

मुलगी काही पुटपुटली. कापडाचा आवाज झाला. बराच वेळ लागला. मी इकडे उभी, आणि बिजली त्या आवाजाने कान टवकारून फोनकडे बघत. मग चेहरा आला. केस मागे वळवलेले, पाणी लावून. बाकी त्या चेहऱ्यात काय उरलं होतं ते मी लिहीत नाही. खाटेशेजारी मोठी खिडकी असावी, सगळा पांढरा उजेड त्याच्या तोंडावर होता. त्याने आधी बिजलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"लाइट बराबर हाय ना, पोरी?"

"हाव काका," मी म्हटलं. "बराबर हाय. सारं दिसून राह्यलं."

तो हसला. मग बिजलीला हाक मारली. बिजली पुढे झाली, फोनच्या अगदी जवळ, आणि तिने मान खाली घालून कपाळ पुढे केलं. तिला काय ठाऊक काच असते मध्ये. ती तशीच उभी राहिली, वाट बघत. काकाचा हात वर आला, कंगवा त्यात होता, आणि त्याने हवेतल्या हवेत फिरवला.

तो आठवडा सरायच्या आत काका गेला.

बिजली माझ्याकडेच आहे. तिच्या लशीची वेळ झाली तेव्हा मी पुण्याला मॅडमला फोन लावला, मुलीने माझ्या फोनवर सुरू करून दिलेल्या काकाच्याच जुन्या खात्यावरून. चित्र यायच्या आधी तिकडून उत्साहाचा आवाज आला, "जयभीम, काका!" मग मी दिसले. तिने माझ्या मागे कोणी आहे का ते पाहिलं. मला काही सांगावं लागलं नाही. मग ती म्हणाली, बिजलीला दाखवा.

मी तिपाई सरळ केली. बिजली आली, स्टुलावर चढली, मान ताठ केली आणि कपाळ पुढे धरलं. माझ्या आरशापाशी गिऱ्हाइकांसाठी एक कंगवा असतो, पळवू नये म्हणून दोरीने बांधलेला. मी दोरी सोडली आणि तिचं कपाळ विंचरलं. बाकावर पासपोर्ट फोटोसाठी आलेले एक मास्तर बसले होते. त्यांना हाच कंगवा लागणार होता. त्यांनी तोंड वाकडं केलं.

करू द्या.